जखमेनंतर स्नायूतला मायक्रोआरएनए कसा मोजायचा, आणि मोजल्यावर काय म्हणायचं

लॅबमध्ये कुणी नवीन आलं आणि मसल इंज्युरीत मायक्रोआरएनए बघायचाय म्हणालं की मी पहिला प्रश्न एकच विचारते, कुणाचा मायक्रोआरएनए? उत्तर येतं, स्नायूचा. पण जखमेनंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या नडगीवरचा स्नायू काढून ट्यूबमध्ये घातलात तर त्यात काय काय असतं बघा, मेलेले तंतू, ते साफ करायला आलेल्या मॅक्रोफेज, जोडऊती बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि या सगळ्या गर्दीत नुकत्या जाग्या झालेल्या थोड्याशा मायोब्लास्ट, म्हणजे नवा स्नायू बनवणाऱ्या पेशी. ट्रायझॉल, म्हणजे आरएनए काढायचं द्रावण, टाकलं की सगळं एकजीव होतं आणि एखाद्या आरएनएचं प्रमाण मोजणारं क्यूपीसीआर मशीन तुम्हाला एक आकडा देतं. तो आकडा कुणाचा हे मशीन सांगत नाही, ते तुम्हालाच आधी ठरवून यावं लागतं. खाली जे लिहिलंय ते एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांसाठी आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्यांसाठी, आणि सगळीकडे हाच प्रश्न परत परत येणार आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगते. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा छोटासा आरएनए. पहिला १९९३ मध्ये एका बारीक गोल कृमीत सापडला, लिन-४, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या कामातून, ज्यासाठी त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं. केंद्रकात आधी लांब धागा बनतो, ड्रोशा नावाचं एन्झाइम तो कापतं, एक्सपोर्टिन-५ बाहेर आणतं, डायसर परत कापतं आणि शेवटी एक बाजू आर्गोनॉट प्रोटीनमध्ये जाऊन बसते. तिथून तो एमआरएनएच्या (प्रोटीनचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) शेपटीला, म्हणजे थ्री-प्राइम यूटीआरला, जाऊन चिकटतो आणि त्या प्रोटीनचं प्रमाण कमी करतो. बहुतेक वेळा पूर्ण बंद करत नाही, कमी करतो, हे लक्षात असू द्या. जुळवाजुळव मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरावर होते, त्याला सीड म्हणतात.

स्नायूचे स्वतःचे असे काही मायक्रोआरएनए आहेत, त्यातले तीन कायम लागतात: मिर-१, मिर-१३३ आणि मिर-२०६. २००६ मध्ये दा-झी वांग यांच्या ग्रुपने दाखवलं की मिर-१ हा एचडीएसी-४ या प्रोटीनला दाबून मायोब्लास्टला पक्क्या स्नायूपेशीकडे ढकलतो, आणि त्याच्याच शेजारी जीनोममध्ये बसलेला मिर-१३३ हा एसआरएफ या प्रोटीनला दाबून पेशी वाढवत ठेवतो. एकाच धाग्यातून निघणारे दोघे आणि कामं जवळजवळ उलटी. मिर-२०६ हा मिर-१ चाच जवळचा भाऊ, सीड तंतोतंत तोच, पण हा हृदयात जवळजवळ नसतो आणि कंकाल स्नायूत, विशेषतः दुरुस्ती चालू असताना, जोरात असतो. त्याच वर्षी टेक्सेल जातीच्या मेंढ्यांचं काम आलं, ते मला अजून सुंदर वाटतं. या मेंढ्यांच्या मायोस्टॅटिन या स्नायूची वाढ रोखणाऱ्या जीनच्या शेपटीत एका जागी जी च्या ऐवजी ए आलाय आणि त्या एका अक्षरामुळे मिर-१ आणि मिर-२०६ ला बसायला जागा तयार झाली, मायोस्टॅटिन कमी झालं आणि मेंढ्यांच्या मांड्या भरल्या. प्रोटीन बनवणाऱ्या भागाला हातही न लागता.

जखमेच्या गोष्टीत मुख्य पात्र म्हणजे सॅटेलाइट पेशी, स्नायूच्या राखीव मूळपेशी. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पाहिल्या, तंतूला खेटून, आवरणाच्या आत झोपलेल्या. त्या झोपलेल्या राहाव्यात यासाठीही मायक्रोआरएनए लागतात, २०१२ मध्ये दोन कामं आली, थॉमस रँडो यांच्या लॅबचं मिर-४८९ वरचं आणि मार्गारेट बकिंगहॅम यांच्या ग्रुपचं मिर-३१ वरचं. दुसऱ्यात तर मायएफ-५ या स्नायू घडवणाऱ्या प्रोटीनचा एमआरएनए आधीच तयार असतो पण मिर-३१ त्याला अडवून ठेवतो, जखम झाली की अडसर निघतो आणि प्रोटीन लगेच बनायला लागतं, म्हणजे पेशी झोपलीय पण बॅग भरून ठेवलीय. जाग आल्यावर पेशी वाढतात आणि मग मिर-१ आणि मिर-२०६ चढतात आणि पॅक्स-७ ला, म्हणजे पेशीला मूळपेशी ठेवणाऱ्या प्रोटीनला, खाली आणतात, म्हणजे आता वाढणं पुरे, तंतू बना. २०१२ मध्येच एरिक ओल्सन यांच्या लॅबने मिर-२०६ नसलेले उंदीर घेऊन स्नायूला जखम करणारं कार्डिओटॉक्सिन दिलं, तर स्नायू भरून यायला बराच उशीर लागला. आणि हे उंदीर जखम न करता बघितले तर तसे धडधाकट असतात, म्हणून ज्यांना स्नायूतला मायक्रोआरएनए समजून घ्यायचाय त्यांना जखम करूनच बघावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम.

उंदरांकडे जायच्या आधी सी-टू-सी-ट्वेल्व्ह पेशींवर हात बसवा. या पेशी १९७७ च्या याफे आणि सॅक्सेल यांच्या कामातून आल्यात, उंदराच्या मांडीचा स्नायू चिरडून नंतर त्यातून वाढवलेल्या, म्हणजे या पेशींचा जन्मच जखमेतला. आपल्याकडे पुण्यात गणेशखिंडला एनसीसीएसच्या, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या, सेल रिपॉझिटरीतून मिळतात. डीएमईएम मीडियम आणि दहा ते वीस टक्के एफबीएस, म्हणजे वासराच्या गर्भाचं सीरम, यात वाढवा, फ्लास्क ७० टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नका. एकदा जरी दाटी झाली तरी ज्या पेशी चांगल्या जुळतात त्या फ्यूज होऊन जातात आणि मागे उरतात त्या न जुळणाऱ्या, मग पुढच्या प्रत्येक पॅसेजला, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवताना, तुम्ही नकळत बिघडलेल्या पेशी वाढवत बसता, आणि हे लक्षात यायला दोन महिने जातात. मी पॅसेज पंधराच्या पुढे वापरतच नाही. डिफरन्सिएशनसाठी, म्हणजे पेशींना स्नायूतंतू बनायला लावण्यासाठी, ९० टक्के भरल्यावर मीडियम बदलून दोन टक्के हॉर्स सीरम द्यायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशी जुळून झालेल्या लांबट मायोट्यूब दिसायला लागतात, लाइट मायक्रोस्कोपखाली एका दिशेने वाहत गेल्यासारख्या.

पहिला प्रयोग हाच करा: दिवस ० आणि दिवस ४, मिर-१, मिर-१३३, मिर-२०६. तिन्ही चढलेच पाहिजेत. नाही चढले तर तुमच्या पेशी, आरएनए किंवा प्रायमर (ठरावीक क्रम पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) यातलं काहीतरी चुकतंय आणि ते सापडेपर्यंत उंदराला हात लावू नका. मी हे कळकळीने सांगतेय, एका उंदराचा जीव जातो तर त्यातून नीट उत्तर निघायला हवं.

एक मर्यादा मात्र आहे. सी-टू-सी-ट्वेल्व्ह आधीच जाग्या झालेल्या मायोब्लास्ट आहेत, तेव्हा झोपेतून जागं होणं हा प्रश्न असेल तर साध्या प्लेटवर उत्तर मिळणार नाही. त्यासाठी पेशी मिथाइलसेल्युलोजच्या घट्ट मीडियममध्ये तरंगत ठेवून झोपवतात आणि परत प्लेटवर आणून जाग्या करतात, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत ज्योत्स्ना धवन यांच्या ग्रुपने या पद्धतीवर बरंच काम केलंय, तिकडचे पेपर काढून वाचा.

उंदरावर करायचं तर आधी इन्स्टिट्यूटच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी, त्याशिवाय काहीही नाही, आणि इंजेक्शन, भूल, वेदनाशामक हे सगळं प्रशिक्षित माणसाकडून शिकूनच. जखमेसाठी नेहमीचे दोन मार्ग, नागाच्या विषातलं कार्डिओटॉक्सिन, साधारण १० मायक्रोमोलरचं ५० मायक्रोलिटर, किंवा १.२ टक्के बेरियम क्लोराइड, तेवढंच, नडगीवरच्या टिबियालिस अँटिरिअर स्नायूमध्ये, ज्याला सगळे टीए म्हणतात. कार्डिओटॉक्सिन तंतूचं आवरण फोडतं, बेरियम क्लोराइडमुळे आत कॅल्शियम भरमसाट होतं आणि तंतू स्वतःला खातो. दोन्हीत सॅटेलाइट पेशी बऱ्याचशा वाचतात म्हणून तर दुरुस्ती बघता येते. पण प्रोजेक्टच्या मध्येच एकावरून दुसऱ्यावर उडी मारू नका, वेळापत्रक थोडं बदलतं आणि मग आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

वेळापत्रक साधारण असं असतं. पहिले दोन दिवस तंतू मरतात आणि आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, मग मॅक्रोफेज येतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास मायोब्लास्ट जोरात वाढत असतात. पाचव्या दिवशी बारीक नवे तंतू दिसतात, केंद्रक अगदी मधोमध, एच अँड ई स्टेनमध्ये गुलाबी चकतीच्या मध्यावर निळा ठिपका असतो तसा, एकदा बघितलंत की विसरणार नाही. तीन-चार आठवड्यांत रचना परत येते पण केंद्रकं मधेच राहतात. म्हणून माझ्या मते कमीत कमी दिवस ०, १, ३, ५, ७, १४ आणि २८ घ्या. पैसे कमी असतील तर १४ सोडा, पण ३ आणि ५ मात्र दोन्ही हवेत, सगळी गंमत त्याच दोन दिवसांच्या मध्ये आहे.

कंट्रोलबद्दल मात्र थांबून वाचा. बहुतेक जण उजव्या पायाला जखम करतात आणि डावा पाय कंट्रोल म्हणून घेतात, स्वस्त पडतं, आकडेवारीलाही बरं वाटतं. पण २०१४ मध्ये रँडो यांच्याच लॅबने दाखवलं की एका पायाला जखम झाली की दुसऱ्या पायातल्या सॅटेलाइट पेशीही अर्धवट जाग्या होतात, जी-अलर्ट म्हणतात त्याला. म्हणजे डावा पाय शांत नाहीये. अख्ख्या स्नायूत मिर-१ मोजणार असाल तर फारसा फरक पडणार नाही, सॅटेलाइट पेशी मोजणार असाल तर नक्की पडेल, तेव्हा वेगळे, अजिबात हात न लावलेले उंदीर ठेवा आणि सलाइन दिलेलेही ठेवा, कारण सुई टोचणं हीसुद्धा छोटी जखमच आहे.

टीए काढलात की दोन भाग करा. एक हिस्टॉलॉजीला, म्हणजे काप करून मायक्रोस्कोपखाली बघायला, लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये, थेट नायट्रोजनमध्ये टाकला तर बर्फाच्या खड्यांनी तंतूंना भोकं पडतात आणि मग ती जखम की तुमची चूक कळत नाही. दुसरा आरएनएला, तो सरळ नायट्रोजनमध्ये चालतो. हिस्टॉलॉजीचा भाग वेळ नाही म्हणून टाळू नका. कार्डिओटॉक्सिन प्रत्येक वेळी सारखं पसरत नाही, कधी अर्धाच स्नायू जखमी होतो, आणि सेक्शन बघितल्याशिवाय हे कळायला दुसरा रस्ता नाही.

आरएनए काढताना

इथे माझे स्वतःचे पाच महिने गेलेत म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीला मी लॅबमध्ये पडलेला एक कॉलम किट वापरत होते, टोटल आरएनएचा. नॅनोड्रॉपवर शुद्धता छान, आरआयएन, म्हणजे आरएनए किती अखंड आहे तो आकडा, ९ च्या वर, एमआरएनए सगळे मस्त लागायचे, आणि मिर-२०६ चा सीटी, म्हणजे कितव्या सायकलला सिग्नल आला तो आकडा, ३३ च्या पुढे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, तोही दर वेळी वेगळा. प्रायमर बदलले, एन्झाइम बदललं, पिपेट कॅलिब्रेट करून आणले. शेवटी एका सीनियर ताईने किटचं पुस्तक उघडून एक ओळ दाखवली, २०० अक्षरांपेक्षा छोटा आरएनए कॉलमवर थांबत नाही. मी वॉशबरोबर तो बेसिनमध्ये ओतत होते. आरआयएन कसा चांगला आला? कारण आरआयएन मोठ्या रायबोसोमल आरएनएवरून काढतात, २२ अक्षरांचा आरएनए आहे की गेला याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

फरक खरं तर इथेनॉलचा असतो. साध्या कॉलममध्ये ७० टक्के इथेनॉल समप्रमाणात घालतात, म्हणजे शेवटी ३५ टक्के, त्यात छोटे आरएनए निसटतात. त्यांना धरायचं तर शंभर टक्के इथेनॉल दीडपट घालायचं, म्हणजे शेवटी ६० टक्के. मायक्रोआरएनएसाठीचे किट हेच करतात. किट नसेल तर साधं ट्रायझॉलही चालतं: एक मिली ट्रायझॉलला ५० ते १०० मिलिग्रॅम स्नायू, त्याहून जास्त नको, उंदराचा टीए साधारण ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो म्हणजे अर्धा टीए आरामात बसतो. स्नायू चिवट असतो, नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात अगदी पिठासारखा कुटा, तुकडे तरंगताना दिसले तर अजून झालं नाही. ०.२ मिली क्लोरोफॉर्म, ४ डिग्रीला १२,००० जी वर १५ मिनिटं, वरचा थर घ्या पण लोभ करू नका, मधल्या पांढऱ्या थराच्या वर थोडं सोडून द्या. आयसोप्रोपॅनॉलबरोबर थोडं ग्लायकोजेन आणि रात्रभर उणे २० मध्ये. दुसऱ्या दिवशी सेंट्रीफ्यूज अर्धा तास, आणि वॉशला ७५ ऐवजी ८० टक्के इथेनॉल.

पेशी फारच थोड्या असतील, समजा मशीनने सॉर्ट करून वेगळ्या काढलेल्या सॅटेलाइट पेशी, तर ट्रायझॉलपासून सावध राहा. कोरियातल्या व्ही. नॅरी किम यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये दाखवलं की थोड्या पेशींमधून काढताना जी आणि सी ही अक्षरं कमी असलेले काही मायक्रोआरएनए निवडकपणे गळतात, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचा आधीचा पेपर मागे घेतला. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. आपल्यासाठी धडा इतकाच की तुलना करायच्या सगळ्या सॅम्पलमध्ये पेशींची संख्या सारखी ठेवा.

प्रायमर आणि क्यूपीसीआर

मिर-१ आणि मिर-२०६ शेजारी लिहून बघा. पहिली दहा अक्षरं हुबेहूब तीच, फरक फक्त चार जागी, अकरावं, सतरावं, एकविसावं आणि बाविसावं. निरोगी टीएमध्ये मिर-१ प्रचंड असतो, त्यामुळे मिर-२०६ चा प्रायमर जरासा जरी मिर-१ ला पकडत असेल तर तुम्ही भलतंच मोजताय. तपासायला सोपं आहे, सिंथेटिक मिर-१ पाण्यात घ्या, त्यातूनच सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, बनवा आणि मिर-२०६ चा प्रायमर लावा, सीटी यायलाच नको किंवा फार उशिरा यावा. मिर-१३३ए आणि मिर-१३३बी मध्ये तर फक्त शेवटचं अक्षर वेगळं, तिथे ठाम खात्री नसेल तर नुसतं मिर-१३३ लिहा. आणि ऑर्डर करताना मिरबेस या मायक्रोआरएनएच्या डेटाबेसमधलं पूर्ण नाव बघा, उंदरात मिर-१ला मिर-१ए म्हणतात आणि शेवटी थ्री-पी की फाइव्ह-पी हे चुकलं तर उलटी बाजू मागवून बसाल.

सीडीएनएसाठी स्टेम-लूप, म्हणजे प्रत्येक मायक्रोआरएनएला वेगळा प्रायमर, की पॉली-ए शेपटी, म्हणजे सगळ्यांना एकच, हा वाद चालूच असतो. दोन-चारच मायक्रोआरएनए असतील तर मी स्टेम-लूप घेते, नेमकेपणा जास्त मिळतो. वीस-पंचवीस बघायचे असतील आणि आरएनए थोडा असेल तर पॉली-ए, एकाच सीडीएनएत सगळं होतं.

रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठी न बदलणारा आरएनए, म्हणून सगळे यू-६ लावतात. यू-६ हा मायक्रोआरएनए नाही, तो लांबही आहे आणि बनवणारी पॉलिमरेजही वेगळी, आणि जखमी स्नायूत पेशींचं मिश्रणच बदलत असल्यामुळे तो स्थिर राहील याची काही हमी नाही. स्नोआरएनए-२०२, स्नोआरएनए-२३४ असे अजून दोन घ्या, सगळ्या दिवसांच्या सॅम्पलवर चालवून बघा आणि जे हलत नाहीत ते ठेवा. हिशोब किती नाजूक आहे बघा. समजा निरोगी स्नायूत मिर-२०६ चा सीटी २४ आणि रेफरन्सचा २०, फरक ४. पाचव्या दिवशी २१.५ आणि २०.५, फरक १. म्हणजे दोन फरकांतला फरक, डेल्टा-डेल्टा, उणे ३, दोनचा तिसरा घात, आठपट वाढ. आता तुमचा रेफरन्सच जखमेमुळे एक सायकल सरकला असेल तर आठाचे चार किंवा सोळा होतात, आणि तुम्ही तेच पोस्टरवर लावता.

आकडा आला, आता कुणाचा?

तिसऱ्या दिवशी मिर-१ आणि मिर-१३३ धाडकन खाली आलेले दिसतील. लगेच लिहू नका की जखमेमुळे मिर-१ डाउनरेग्युलेट होतो. मिर-१ पक्क्या तंतूत असतो आणि तंतू मेलेत. अर्धे तंतू गेले की कुठलंही रेग्युलेशन न होता मिर-१ निम्मा होतो, क्यूपीसीआरच्या भाषेत एक सायकल. तसंच मिर-२२३ वाढला तर तो मुख्यतः न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजबरोबर आत आलाय, स्नायूपेशीने बनवलेला नाही. मी थीसिस आणि पोस्टरमध्ये ही गफलत इतक्यांदा बघितलीय की खरंच वाईट वाटतं, कारण डेटा चांगला असतो, फक्त वाक्य चुकीचं असतं.

तपासायचे मार्ग आहेत आणि सगळे महाग नाहीत. सर्वात स्वस्त म्हणजे त्याच आरएनएमधून मसल क्रिएटिन कायनेज आणि प्रौढ मायोसिन या पक्क्या तंतूच्या खुणांचा आणि सीडी-४५ या पांढऱ्या रक्तपेशींच्या खुणेचा एमआरएनए मोजा. मिर-१ आणि क्रिएटिन कायनेज हातात हात घालून खाली गेले तर तंतू मरणं हेच कारण धरा. मिर-१ त्याहून बराच जास्त पडला तर काहीतरी वेगळं चाललंय, तिथे खणा. त्यापुढे एलएनए प्रोब लावून सेक्शनवर इन सिटू, म्हणजे तो नक्की कुठल्या पेशीत आहे ते डोळ्यांनी दिसतं. आणि सॉर्टर असेल तर सॅटेलाइट पेशी वेगळ्या काढा, सीडी-३१, सीडी-४५, एससीए-१ नसलेल्या आणि व्हीकॅम-१ असलेल्या. फक्त लक्षात ठेवा की कोलॅजनेजमध्ये, म्हणजे स्नायू सुटा करणाऱ्या एन्झाइममध्ये, जे दोन-तीन तास जातात त्यातच झोपलेल्या पेशी जाग्या व्हायला लागतात, तेव्हा झोपेतला मायक्रोआरएनए म्हणून जे मोजाल ते अर्धवट जागेपणाचं असू शकतं.

काम करतो हे सिद्ध करायचं असेल तर मिमिक, म्हणजे बाहेरून घातलेली मायक्रोआरएनएची नक्कल, आणि इनहिबिटर, म्हणजे त्याला अडवणारा रेणू, दोन्ही करा. मिमिकचा डोस मुद्दाम कमीतकमी ठेवा, किटमध्ये लिहिलंय म्हणून १०० नॅनोमोलर टाकला तर पेशीत कधीच नसतं इतकं होतं आणि मग काहीही टार्गेट वाटायला लागतं. इनहिबिटरने उलटा परिणाम दिसला तरच माझा विश्वास बसतो. टार्गेटस्कॅन या टार्गेटचा अंदाज सांगणाऱ्या प्रोग्रामने नाव दिलं म्हणून ते टार्गेट होत नाही, थ्री-प्राइम यूटीआर ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रोटीनच्या जीनमागे लावा, सीडची जागा म्युटेट केलेली जोडी बरोबर ठेवा, आणि प्रोटीनचं प्रमाण बघायला वेस्टर्न ब्लॉट करा. फ्यूजन इंडेक्ससाठी एमएफ-२० अँटीबॉडीने मायोसिन रंगवा, दोन किंवा जास्त केंद्रकं असलेल्या मायोट्यूबमधली केंद्रकं भागिले एकूण केंद्रकं, आणि मोजणाऱ्याला कुठली वेल कुठली हे माहीत नको, प्लेटचं लेबल दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्या.

रक्तातून मोजणारेही बरेच आहेत, कारण ड्युशेन हा स्नायू झिजण्याचा आजार असलेल्या मुलांच्या सीरममध्ये मिर-१, मिर-१३३, मिर-२०६ वाढलेले असतात आणि बायोप्सीपेक्षा सुई बरी. तिथे दोनच गोष्टी. सीरमऐवजी प्लाझ्मा घेणार असाल तर ट्यूब ईडीटीएची घ्या, हेपरिन पीसीआर अडवतं. आणि लाल पेशी फुटल्यात का ते मिर-४५१ए वरून बघा, मिर-२३ए चा सीटी वजा मिर-४५१ए चा सीटी सातच्या पुढे गेला तर ते सॅम्पल बाजूला ठेवा. सुरुवातीच्या मिश्रणात सी. एलिगन्स या कृमीचा मिर-३९ सारख्या प्रमाणात घाला, कुठे किती गळती झाली ते त्यावरून कळतं.

शेवटी उणे ८० च्या फ्रीझरबद्दल. प्रत्येक टीएच्या आरएनएचे तीन छोटे अलिकॉट, म्हणजे वेगळे वाटे, करा आणि डब्यावर उंदराचा नंबर, पाय, जखमेची तारीख, काढल्याची तारीख पेन्सिलने लिहा, मार्करचं अक्षर इथेनॉल लागलं की पुसतं. सहा महिन्यांनी गाईड किंवा रिव्ह्यूअर म्हणेल की क्रिएटिन कायनेजही दाखवा, तेव्हा नवीन उंदीर मारावा लागणार नाही.